हुगळीची भूल आणि आठवड्याची सुई

4 एप्रिल 1845. बंगालमधलं हुगळी. जेम्स एस्डेल नावाच्या स्कॉटिश डॉक्टरकडे तिथल्या इस्पितळाचं आणि तुरुंगाचं काम होतं. त्या दिवशी त्याच्यासमोर अंडवृद्धीवरच्या उपचारानं कळवळणारा एक कैदी होता. एस्डेलनं मेस्मेरिझमबद्दल फक्त वाचलेलं होतं, प्रयोग कधी पाहिलेलाही नव्हता. तरी त्यानं कैद्याच्या अंगावरून, स्पर्श न करता, पुन्हा पुन्हा हात फिरवायला सुरुवात केली. बऱ्याच वेळानं तो माणूस असा गुंगला की टोचलं तरी हलेना.

पुढच्या आठ महिन्यांत एस्डेलनं वेदनेशिवाय केलेल्या 73 शस्त्रक्रियांची यादी छापली. त्यात हत्तीरोगानं झालेल्या अवाढव्य गाठी काढणंही होतं. बंगाल सरकारनं समिती नेमली, तिनं पाहणी केली, आणि 1846 मध्ये कलकत्त्यात या प्रयोगांसाठी त्याला एक छोटं इस्पितळ मिळालं. नेमक्या त्याच वर्षी, ऑक्टोबरमध्ये, बोस्टनला ईथर हुंगवून शस्त्रक्रिया झाली. नोव्हेंबर 1847 मध्ये एडिंबरात क्लोरोफॉर्म आलं. एस्डेलच्या पद्धतीत त्याचे मदतनीस एकेका रुग्णावर तासन्‌तास हात फिरवत बसायचे, आणि तरीही प्रत्येक जण गुंगेलच याची खात्री नसायची. क्लोरोफॉर्मला काही मिनिटं पुरायची. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एस्डेलचा उपाय चालत होता, पण स्केल होत नव्हता. 1851 मध्ये तो भारत सोडून गेला.

मन विरुद्ध रसायन या सामन्याची ती पहिली फेरी. दुसरी आत्ता चालू आहे, भुकेवरून. आमच्या घरात तर दोन्ही खेळाडू येऊन गेलेत.

माझी ताई तीन वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका संमोहन उपचारकाकडे जायची. डोळे मिटून, श्वास मोजत, जिलबी समोर आली की ती गार, चिकट आणि शिळी आहे असं मनात आणायचं. वजन तीन किलोनं उतरलं आणि तिथेच थांबलं. झोप मात्र छान लागायला लागली, असं ती अजून सांगते. गेल्या वर्षी डॉक्टरांनी तिला आठवड्याचं इंजेक्शन सुरू केलं. त्यावर आईचं म्हणणं, "हे म्हणजे कॉपी करून पास होणं गं. तोंडावर ताबा हवा." ताई काही बोलली नाही, ताटावरून उठून गेली. मला मात्र प्रश्न पडला की यातलं 'खरं' बारीक होणं कुठलं, आणि ते ठरवलं कुणी? म्हणून हा इतिहास उकरला.

संमोहनाची सुरुवातच एका परीक्षेत नापास होण्यानं झाली. फ्रांझ मेस्मर 1778 मध्ये व्हिएन्नाहून पॅरिसला आला. शरीरात एक अदृश्य चुंबकी द्रव वाहतो, तो अडला की रोग होतो, असा त्याचा दावा. 1784 मध्ये फ्रान्सच्या राजानं चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होता, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होता, आणि ज्याचं नाव पुढे शिरच्छेदाच्या यंत्राला चिकटलं तो डॉक्टर गिलोटिनही होता. फ्रँकलिनच्या बागेत एका जर्दाळूच्या झाडाला 'चुंबकत्व' दिलं गेलं आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडांमधून फिरवलं. मुलगा भलत्याच झाडापाशी बेशुद्ध पडला! समितीचा निष्कर्ष असा, की कल्पनाशक्ती असेल तर चुंबकत्वाशिवायही परिणाम होतो, आणि ती नसेल तर चुंबकत्वानं काहीच होत नाही.

लोक याला मेस्मरची फजिती म्हणून सांगतात. मला त्यातला दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. मुलगा खरंच बेशुद्ध पडला होता. द्रव खोटा होता, परिणाम खोटा नव्हता. 1843 मध्ये मँचेस्टरच्या जेम्स ब्रेडनं हाच धागा पकडला, द्रव वगैरे सोडून एकाग्रतेवर बोट ठेवलं आणि 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ केला.

आता वजनाकडे या. 1995 मध्ये कर्श, माँटगोमेरी आणि सॅपिरस्टीन यांनी बऱ्याच प्रयोगांचे आकडे एकत्र मांडून म्हटलं की वर्तनोपचाराला संमोहनाची जोड दिली तर फायदा खूप वाढतो, विशेषतः वजन कमी करताना. पुढच्याच वर्षी ॲलिसन आणि फेथ यांनी तीच गणितं पुन्हा केली. त्यांना हिशोबातल्या चुका सापडल्या, शिवाय एकाच शंकास्पद प्रयोगामुळे सरासरी फुगलेली दिसली. ती काढल्यावर उरला तो फारच छोटा परिणाम. कर्श यांनीही नव्यानं आकडे मांडले आणि ते आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले. 1998 मध्ये ब्रिटनमध्ये घोरण्यामुळे झोपेत श्वास अडणाऱ्या 60 लठ्ठ रुग्णांवर प्रयोग झाला. अठरा महिन्यांनी फक्त एका गटाचं वजन उतरलेलं राहिलं होतं, ताण कमी करण्यावर भर देणाऱ्या संमोहनाच्या गटाचं. किती? सरासरी 3.8 किलो. ताईच्या तीन किलोंना त्यामुळे मी आता हसत नाही. आकडा अगदी रास्त होता.

सुईची कथा एका विषारी सरड्यापासून सुरू होते. हिला मॉन्स्टर हा अमेरिकेच्या वाळवंटातला, आपल्या घोरपडीसारखा थुलथुलीत प्राणी, वर्षातून मोजक्याच वेळा जेवणारा. आपल्या आतड्यात जेवल्यावर जीएलपी-1 नावाचं संप्रेरक सुटतं. स्वेतलाना मोय्सोव्ह, जोएल हॅबेनर, येन्स हॉल्स्ट अशा शास्त्रज्ञांनी 1980 च्या दशकात त्याचं काम उलगडलं होतं. ते इन्सुलिन वाढवतं, पण रक्तात दोन-तीन मिनिटांत अर्धं होतं. औषध म्हणून निरुपयोगी. 1992 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जॉन एंग यांना हिलाच्या विषात त्याच्याशी मिळतंजुळतं, पण तासन्‌तास टिकणारं रसायन सापडलं. त्यातून 2005 मध्ये मधुमेहाचं दिवसातून दोनदा घ्यायचं इंजेक्शन आलं. डेन्मार्कमध्ये लोटे ब्येरे क्नुडसेन यांच्या चमूनं वेगळी युक्ती केली. रेणूला स्निग्ध आम्लाची शेपटी जोडली, म्हणजे तो रक्तातल्या अल्ब्युमिनला धरून बसतो आणि लवकर तुटत नाही. त्यातून आधी रोजचं लिराग्लुटाइड, मग आठवड्याचं सेमाग्लुटाइड. ओझेम्पिकला अमेरिकेत 2017 मध्ये मान्यता मिळाली, वजनासाठीच्या वेगोव्हीला 2021 मध्ये.

2021 चा मुख्य प्रयोग 1,961 लोकांवर झाला. 68 आठवड्यांत औषधवाल्यांचं वजन सरासरी 14.9 टक्के उतरलं, औषध नसलेली सुई घेणाऱ्यांचं 2.4 टक्के. आहार-व्यायामाचा सल्ला दोघांनाही होता. फ्रँकलिनच्या बागेतली डोळ्यांवरची पट्टी इथे वेगळ्या रूपात हजर आहे, कारण कुणाला कुठली सुई मिळतेय हे रुग्णाला सांगितलेलं नव्हतं. (अर्थात औषधवाल्यांपैकी 44 टक्क्यांना मळमळ झाली, त्यामुळे पट्टीखालून थोडं दिसतच असणार.) संमोहनात अशी पट्टी बांधताच येत नाही. आपण संमोहित झालो की नाही हे न कळता संमोहित कसं व्हायचं? त्यामुळे दोघांची तुलना कधीच सरळ होत नाही, पण फरक इतका मोठा आहे की पारडं कुठे झुकतं याबद्दल मला शंका नाही.

गंमत पुढेच आहे. ही सुई फक्त पोटाचं काम मंदावत नाही, ती मेंदूतल्या भुकेच्या केंद्रांवरही काम करते. घेणारे लोक सांगतात की डोक्यात अखंड चालणारी खाण्याची भुणभुण बंद झाली. ताईचे शब्द होते, "फ्रीज मला हाका मारायचा थांबला रे." उलट संमोहनाचा पचनसंस्थेतला सगळ्यात भक्कम पुरावा आतड्याच्याच एका आजारात आहे. 1984 मध्ये मँचेस्टरच्या पीटर व्होरवेल यांनी आतड्याच्या त्रासाच्या 30 रुग्णांवर तो उपचार करून उत्तम परिणाम दाखवला. म्हणजे औषध मनापर्यंत पोचतं आणि शब्द आतड्यापर्यंत. आईला मी हेच सांगितलं. फ्रीजच्या हाका ज्याला मुळात ऐकूच येत नाहीत, त्यानं तोंडावर ताबा ठेवणं यात कसलं कर्तृत्व? ती म्हणाली, "मग थांबवल्यावर काय?"

प्रश्न बिनतोड होता. त्याच प्रयोगातल्या काही लोकांची सुई बंद केल्यावर वर्षभर नोंद ठेवली गेली. उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. क्लोरोफॉर्मची गरज शस्त्रक्रियेपुरती असायची. भूक मात्र रोज सकाळी परत येते.

भारतात माउंजारो मार्च 2025 मध्ये आलं, तेव्हा महिन्याचा खर्च सुमारे 14,000 ते 17,500 रुपये होता. त्याच जूनमध्ये वेगोव्ही आलं. सेमाग्लुटाइडच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च 2026 पर्यंतचीच. ताईनं तिच्या खर्चाच्या एक्सेलमध्ये एक रकाना वाढवलाय, 'सुई', आणि तो पाच वर्षं पुढे ओढून ठेवलाय. आई हल्ली तिला आग्रह करत नाही. अर्धी पोळी वाढते आणि गप्प बसते.