कावेरीतील महाशीर : नामनिश्चिती व प्रदेशविस्ताराचा इतिहास

प्रस्तावना
गोड्या पाण्यातील एखादी प्रजाती पूर्वज्ञात प्रदेशाबाहेर आढळणे ही घटना प्राणिशास्त्राइतकीच इतिहासाचीही असते. नदीतील मासा जलविभाजक सहसा ओलांडू शकत नाही. त्यामुळे तो नव्या खोऱ्यात सापडल्यास तो तेथील मूळचाच आहे की माणसाने आणून सोडलेला, हा प्रश्न उपस्थित होतो. कावेरी खोऱ्यात महाशीरच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत.

नामकरणाचा गोंधळ
कर्नल विल्यम सायक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनमधील माशांची वर्णने सादर केली व अनेक शास्त्रीय नावे स्थानिक नावांवरून घडविली. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील 'टॉर खुद्री' म्हणजे निळ्या परांचा महाशीर होय. त्यांच्याच यादीतील 'मुसुल्ला' हे नाव कालांतराने कावेरीतील पाठीवर उंचवटा असलेल्या महाशीरला लावले गेले. हा मासा गळाने मासेमारी करणाऱ्यांना सुपरिचित होता. १९४६ मध्ये कबिनी नदीत १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो वजनाचा महाशीर पकडल्याची नोंद आहे. मात्र २०१३ मधील फेरतपासणीत सायक्स यांचा 'मुसुल्ला' हा महाशीर नसून त्याच कुलातील भिन्न वंशाचा मासा असल्याचे दाखविण्यात आले. परिणामी कावेरीचा प्रसिद्ध मासा शास्त्रीयदृष्ट्या अनामिक ठरला.

पांबार ते मोयार
२००७ मध्ये केरळातील पांबार नदीतून 'टॉर रेमादेवी' ही प्रजाती वर्णिली गेली. पांबार ही अमरावतीमार्गे कावेरीला मिळते. पुढे मोयार नदीतील उंचवट्याच्या महाशीरचे नमुने शरीररचना व जनुके या दोन्ही कसोट्यांवर तपासले गेले आणि तो हाच मासा असल्याचे २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. एका लहानशा नदीपुरती मानलेली प्रजाती वस्तुतः कावेरी खोऱ्याचा महाकाय मासा होती. येथे माशाचा प्रदेश वाढला नाही. त्याविषयीचे ज्ञान वाढले.

मानवनिर्मित विस्तार
याउलट 'खुद्री'चा कावेरीतील वावर मानवनिर्मित आहे. लोणावळ्याच्या केंद्रात १९७० च्या दशकापासून कृत्रिम प्रजननाने तयार झालेले महाशीरचे बीज, संवर्धनाच्या हेतूने, अन्य खोऱ्यांतही सोडण्यात आले. कावेरीतील १९९८ ते २०१२ या काळातील गळकऱ्यांच्या नोंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात 'खुद्री' वाढत गेल्याचे व मूळचा महाशीर घटत गेल्याचे दिसले. धरणे, वाळूउपसा व अवैध मासेमारी यांचाही ताण त्यावर होताच. आज 'टॉर रेमादेवी' अतिसंकटग्रस्त प्रजातींत गणला जातो.

समारोप
प्रदेशाबाहेरील नोंदीचा अर्थ तिच्या इतिहासावाचून लागत नाही. मोयारच्या नोंदीने जुनी चूक दुरुस्त केली, तर 'खुद्री'ची नोंद नव्या चुकीची साक्ष ठरली. ज्या माशाला स्वतःचे नाव नव्हते, त्याच्या संरक्षणाची स्वतंत्र मागणीही होऊ शकली नाही. म्हणूनच बीज सोडण्यापूर्वी त्या नदीचा मूळ मासा कोणता, हे निश्चित करणे ही संवर्धनाची पहिली पायरी होय.