कोरियन शेगडी : हुरड्याची परदेशी भावंडे

हिवाळ्यात परभणीच्या शिवारात आगटीभोवती बसून हुरडा खाणाऱ्यास कोरियन बार्बेक्यूची रीत फारशी परकी वाटणार नाही. विस्तवाशेजारी बसावे, भाजलेले गरमागरम खावे आणि मधोमध ठेवलेल्या चटण्या सर्वांनी वाटून घ्याव्यात, हे दोहोंत समान आहे. भेद आहे तो पदार्थाचा. हुरडा ज्वारीच्या कोवळ्या दाण्यांचा, तर कोरियन पंगत मुख्यतः मांसाची.

या पंगतीत टेबलाच्या मध्यभागीच कोळशाची वा गॅसची शेगडी बसविलेली असते. 'बुलगोगी' म्हणजे सोया सॉस, साखर, लसूण व तिळाच्या तेलात मुरविलेले गोमांसाचे पातळ काप. 'काल्बी' हे बरगडीचे, तर 'सामग्योप्साल' हे डुकराच्या पोटाकडचे मांस. साखरेमुळे जाळी लवकर करपते. म्हणून न मुरविलेले मांस आधी व मुरविलेले नंतर भाजण्याचा प्रघात आहे. भाजलेले मांस कात्रीने कापून, लेट्यूसच्या पानात 'सामजांग' या चटणीसह गुंडाळून एका घासात खातात. वडीलधाऱ्यांनी सुरुवात केल्यावरच इतरांनी जेवावे, असा शिष्टाचार आहे.

साध्या उपाहारगृहात बहुधा ग्राहकच मांस भाजतो. उंची उपाहारगृहात मात्र, आगटीवर जाणता माणूस बसावा त्याप्रमाणे, हे काम प्रशिक्षित सेवक करतो. तेथील किंमत प्रामुख्याने मांसाच्या प्रतीची असते. कोरियातील 'हानू' या देशी गुरांच्या मांसाची सर्वोच्च प्रत '१++' अशी लिहितात. २०१७ मध्ये न्यूयॉर्क येथे सुरू झालेल्या 'कोट' या कोरियन उपाहारगृहास त्याच वर्षी मिशेलिन तारांकन मिळाले.

महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे कोरियन उपाहारगृहे आहेत. तथापि राज्यात गाईंबरोबरच बैल व वळू यांच्या कत्तलीसही २०१५ पासून बंदी असल्याने, मूळ पदार्थ येथे त्याच मांसाचे असतील असे गृहीत धरता येत नाही. मांस कशाचे, हे आधी विचारून घ्यावे.

शाकाहारी मंडळींनी अधिक सावध राहावे. जेवणासोबत येणाऱ्या लहान वाट्यांना 'बानचान' म्हणतात. त्यांतील 'किमची' कोबीच्या लोणच्यासारखी दिसली, तरी पारंपरिक कृतीत तीत आंबविलेली मासळी वा कोळंबी असते. रश्शाचा आधारही पुष्कळदा सुक्या मासळीचा असतो. हुरड्याच्या पंगतीत चटणीविषयी हा प्रश्न पडत नाही. येथे मात्र पहिल्या घासापूर्वीच तो विचारलेला बरा.