शनिवारवाड्यातली चित्रशाळा आणि गंगाराम तांबट

गेल्या आठवड्यात आमच्या पेठेतला आणखी एक वाडा पाडला. दोन दिवसांत मैदान झालं. बघायला जमलेल्या बहुतेकांनी मोबाईलवर फोटो काढले, मीही काढले. रात्री ते बघत बसलो तेव्हा लक्षात आलं, की त्या वाड्याची ओसरी किती खणांची होती हेच मला सांगता येत नाहीये. लहानपणी तिथे शेकडो वेळा गेलो असेन. फोटोत धूळ आहे, जेसीबी आहे, अर्धी भिंत आहे. वाडा नाही.

म्हणून आज एका पुणेकर चित्रकाराची गोष्ट सांगतो. त्याचं नाव गंगाराम चिंतामण नवगिरे, म्हणजेच गंगाराम तांबट.

काळ सवाई माधवरावांचा. १७८६ मध्ये चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील म्हणून पुण्यात आला आणि पुढे मुळा-मुठेच्या संगमावर त्याची रेसिडेन्सी उभी राहिली. मॅलेट पक्का राजकारणी, पण त्याला जुन्या लेण्यांचा आणि चित्रांचा भारी नाद. तरुण पेशव्यांनाही चित्रांची आवड. मॅलेटच्या सूचनेवरून शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली, तीही खुद्द पेशव्यांच्या परवानगीने. मुंबईचं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ चं. त्याच्या साठेक वर्षं आधी पुण्यात पाश्चात्त्य पद्धतीचं चित्र शिकण्याची सोय होती, आणि तीही शनिवारवाड्याच्या आत!

पुढे १७९२ मध्ये जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार पुण्यात आला. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचं जे चित्र आपण पाठ्यपुस्तकापासून बघत आलोय, ते या वेल्सचं. चित्रशाळेतल्या मंडळींना त्याच्या हाताखाली काम करायला मिळालं. गंगाराम मात्र त्याच्या आधीपासून मॅलेटसाठी चित्रं काढत होता. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं त्याचं चित्र १७९० चं आहे. तालमीतले पैलवान काढले, पर्वती काढली. आणि काढली वेरूळची लेणी.

आता इमारतीचं चित्र काढणं म्हणजे काय, ते थोडं बघू. आपल्याकडे चित्रकला नव्हती असं मुळीच नाही. मेणवलीला नानांच्या वाड्यात भिंतींवरची चित्रं आजही बघता येतात. पण त्या परंपरेत रंग दाट, अपारदर्शक. इमारत येते ती प्रसंगाची पार्श्वभूमी म्हणून. दरवाजा समोरून, अंगण वरून, माणूस त्याच्या मानाप्रमाणे लहान-मोठा. त्यात चूक काही नाही, त्या चित्राचं काम वेगळं होतं.

इंग्रजी जलरंगाची रीत उलटी. आधी पेन्सिलीने किंवा शाईने रेघ, मग पाण्यात पातळ केलेल्या रंगाचे हात, एक वाळला की त्यावर दुसरा. पांढरा रंग वापरायचा नाही. ऊन पडलंय तिथे कागद कोरा सोडायचा. त्यामुळे उजेड कुठून येतो आणि सावली कुठे पडते, हे हात चालवायच्या आधीच ठरवावं लागतं. खांब किती पुढे आलाय, कोनाडा किती खोल आहे, हे त्या सावलीवरून कळतं. लंडनच्या रीव्हज बंधूंनी १७८० च्या सुमारास जलरंगाच्या तयार वड्या बाजारात आणल्या होत्या. एक छोटी पेटी, थोडं पाणी आणि कागद, एवढ्यावर माणूस डोंगरात जाऊन काम करू शकत होता. तैलरंगाला हे जमणं अवघड.

मॅलेटने गंगारामला वेरूळला पाठवलं. कैलास लेणं ज्यांनी पाहिलंय त्यांनी जरा विचार करा. कड्यात वरून खाली खोदलेलं ते देऊळ, मागचा कडा जवळपास ३० मीटर उंच, आणि मागे सरायला जागा नाही. खाली उभं राहिलं तर शिखर नीट दिसत नाही, वर कड्यावर गेलं तर खांब दिसत नाहीत. कॅमेरा नाही, ड्रोन नाही. पावलांनी अंतर मोजायचं, खांब मोजायचे, एकेक मूर्ती जागेवर बसवायची. घराण्याच्या नावातच तांब्याचं काम असलेला हा पुणेकर तिथे बसून हे करत होता. त्याच्या चित्रांत जुनी आणि नवी, दोन्ही नजरा एकत्र दिसतात. सगळं सांगायची आपल्याकडची हौस आणि एका जागी उभं राहून बघायची इंग्रजी शिस्त.

मग आला १७९५ चा ऑक्टोबर. शनिवारवाड्यातून पडून सवाई माधवरावांचा मृत्यू झाला. वय अवघं २१. पुढच्याच महिन्यात मुंबईजवळ लेण्यांची चित्रं काढता काढता जेम्स वेल्स तापाने गेला. चित्रशाळेचे दोन आधार काही आठवड्यांत तुटले. मॅलेट १७९८ मध्ये विलायतेला परतला, तो चित्रांचा संग्रह घेऊनच. तिथे त्याने वेल्सच्या मुलीशी लग्न केलं.

१८०३ मध्ये लंडनहून वेरूळच्या २४ चित्रांचा भव्य ग्रंथ निघाला. त्याच्या शीर्षकात चित्रं वेल्सची आणि छपाई थॉमस डॅनियलची, अशी दोन नावं. गंगारामचं नाव तिथे नाही. आज गंगारामची बरीचशी चित्रं अमेरिकेत न्यू हेवनला, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात आहेत. नीट जपलेली आहेत आणि कुणालाही इंटरनेटवर बघता येतात.

"इंग्रजांनी आमचं लुटून नेलं" असं म्हणून इथेच थांबता येईल. पण गोष्ट तेवढी सरळ नाही. १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या दिवशी संगमावरची रेसिडेन्सी पेशव्यांच्या फौजेने जाळली. १८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाड्याला आग लागली आणि आतले महाल जळून गेले. आज आपण तिकीट काढून बघतो ते तट, दरवाजे, कारंजी आणि जोती. ज्या गणपती रंगमहालात दरबार भरायचा, तो कसा दिसायचा याची कल्पना आपल्याला येते ती मुख्यतः एका चित्रावरून. वेल्सने जागेवर केलेल्या कामाच्या आधारे डॅनियलने ते १८०५ मध्ये पुरं केलं. तेही इंग्लंडमध्ये आहे. म्हणजे महाल जळाला, कागद उरला. आणि तो उरला, कारण कुणीतरी त्या महालात बसून खांब मोजले होते आणि नंतर कुणीतरी तो कागद सांभाळला होता.

आता आपल्याकडे येऊ. शहरात आर्किटेक्चरची कॉलेजं आहेत. तिथली मुलं टेप घेऊन जुन्या वाड्यांची मापं घेतात, नकाशे काढतात, छेद काढतात, काही जण जलरंगात सुंदर दर्शनी चित्रं करतात. मार्क मिळतात, मग त्या गुंडाळ्या माळ्यावर जातात. दुसरीकडे वाडा पाडायला परवानगी मिळते. या दोन गोष्टींची गाठ घालणं इतकं अवघड आहे का? वारसा यादीत असो वा नसो, वाडा पाडण्याआधी त्याची मोजमापाची एक प्रत आणि चित्रांचा एक संच पालिकेकडे जमा झालाच पाहिजे, असा नियम करता येईल. खर्च नव्या इमारतीच्या एका पार्किंगइतकाही येणार नाही. प्रत्येक वाडा वाचवता येणार नाही, हे मलाही कळतं. गळकं छप्पर, पन्नास वारस आणि जुनी भाडेकरार प्रकरणं ज्यांच्या वाट्याला आली आहेत, त्यांना लांबून उपदेश करण्यात अर्थ नाही. पण वाडा जाताना त्याची नोंद तरी राहू द्या.

तोवर आपण एवढं करू. तुमच्या घरी वाड्याचा जुना नकाशा, आजोबांनी काढलेलं एखादं चित्र, मुलीचं कॉलेजचं ड्रॉइंग असेल, तर ते रद्दीत देऊ नका. मागे पत्ता, साल आणि काढणाऱ्याचं नाव लिहा.

नाव नक्की लिहा. गंगारामचं लिहायचं राहून गेलं होतं.