टॅपेट वाजतंय म्हणजे नेमकं काय? पद्मिनीच्या इंजिनाचा ऐकलेला इतिहास

प्रीमियर पद्मिनीवर काम करायचं ठरवलंत तर कागद भरपूर मिळतील. वालचंद हिराचंद यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 ची. कुर्ल्याचा कारखाना, आधी क्रायस्लरच्या गाड्या, मग फियाटशी करार, 1964 ची 1100 डिलाइट, 1970 च्या दशकात तिचीच आधी ‘प्रेसिडेंट’ आणि मग ‘पद्मिनी’ झाली. शेवटी तारखेसकट शेवटसुद्धा मिळतो: मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ची, आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून ती रस्त्यावरून गेली. बातम्या आल्या, लोक हळहळले.

या सगळ्या कागदांत ती गाडी वाजायची कशी हे मात्र कुठेच नाही. तुम्ही म्हणाल, आवाजाचं काय घेऊन बसलात? पण ज्या माणसांनी ही गाडी तीस-चाळीस वर्षं चालती ठेवली, त्यांचं अर्धं ज्ञान कानात होतं. डेव्हिड एजर्टन यांचं ‘द शॉक ऑफ द ओल्ड’ वाचलं असेल तर मुद्दा ओळखीचा वाटेल: तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांइतकाच वापराचा आणि दुरुस्तीचा असतो. अडचण एवढीच की दुरुस्तीचा दस्तऐवज सहसा नसतो. म्हणून आज एकच आवाज घेऊ. इंजिनाच्या डोक्यातून येणारी टिकटिक.

आधी यंत्र समजून घ्या, त्याशिवाय मुलाखत घ्यायला जाऊ नका. पद्मिनीचं इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये. कॅम टॅपेटला उचलतो, टॅपेट पुशरॉडला, पुशरॉड वरच्या रॉकरला, आणि रॉकरचं दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबतं. इतके दुवे असलेल्या साखळीत तापल्यावर लांबी-रुंदी बदलणारच. म्हणून रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यामध्ये मुद्दाम बारीक फट ठेवलेली असते, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासची. फट वाढली की रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो, आणि गॅरेजच्या भाषेत ‘टॅपेट वाजतो’. खरं तर वाजतो रॉकर, नाव टॅपेटचं.

आता हा आवाज ओळखायचा कसा? कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. इंजिन उभ्या गाडीत मिनिटाला 800 फेऱ्यांवर असेल तर एक सैल व्हॉल्व्ह मिनिटाला 400 वेळा वाजेल, सेकंदाला साधारण सहा-सात. खालचा बेअरिंगचा ठोका क्रँकबरोबर येतो, म्हणजे दुप्पट घाईने, आणि तो जड असतो. घड्याळ लावून कोणी मोजत नाही, लय ओळखली जाते. तरी खात्री हवी असेल तर प्लगची वायर एकेक करून काढतात. त्या सिलिंडरमध्ये स्फोट थांबला आणि आवाज बदलला, तर भानगड पिस्टन, पिन किंवा बेअरिंगची. काहीच फरक पडला नाही तर वरच्या मजल्यावर शोधा. यात एक फसवी गोष्ट आहे. एक्झॉस्टच्या जोडावरचं गॅस्केट फुटलं असेल तर तिथूनही हुबेहूब टिकटिक येते, आणि वायर काढल्यावर तीही बदलते. पण इंजिन तापून जोड बसला की ती बरेचदा कमी होते.

मग टॅपेट कव्हर काढायचं, इंजिन चालूच ठेवायचं (तेलाचे शिंतोडे उडतात, चांगले कपडे घालू नका), आणि फिलर गेजची पात एकेका रॉकरखाली सरकवायची. ज्याच्याखाली पात गेल्यावर आवाज बंद, तोच आरोपी. कव्हर काढायचं नसेल तर लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक कव्हरवर आणि मूठ कानाशी. रेने लेनेक यांनी 1816 मध्ये कागदाची सुरळी करून रुग्णाची छाती ऐकली, त्याच जातीची ही युक्ती.

तरीसुद्धा एक गाडी अशी येते की सगळ्या फटी पुस्तकाप्रमाणे लावल्या आणि टिकटिक तशीच. कारण साधं आहे. वर्षानुवर्षं दाबून रॉकरच्या टोकाला खड्डा पडतो. गेजची सपाट पात त्या खड्ड्यावर पुलासारखी बसते. पात जाते बरोबर मापाची, खरी फट मात्र खड्ड्याच्या खोलीइतकी जास्त. आकडा बरोबर आणि कान म्हणतो चूक. संशोधनात कधी तक्त्यातले आकडे आणि माणसांचं सांगणं जुळलं नाही तर मला हा खड्डा आठवतो.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. गुहागर तालुक्यात शृंगारतळीला एका वयस्क मिस्त्रींशी बोललो. मुंबईत टॅक्सीच्या गॅरेजात उमेदीची वर्षं काढून गावी परतलेले. मी आपला तयारीने गेलो होतो: टिकटिक म्हणजे बिघाड, तो तुम्ही कसा ओळखायचा? त्यांनी प्रश्नच उलटा केला. त्यांचं म्हणणं, वाजणाऱ्या गाडीची त्यांना कधी भीती वाटली नाही, पुढेपुढे गप्प झालेल्या गाडीची वाटायला लागली.

हे वरवर पुस्तकाविरुद्ध जातं, पण ते पूर्ण खरं आहे. फट शून्य झाली की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता तो मिटलेला असताना बैठकीवाटे बाहेर जाते. मिटलाच नाही तर जळतो. आणि ‘पुढेपुढे’ हा शब्द तर इतिहासकाराने लगेच पकडायचा. पुढे म्हणजे कधी? 1999 मध्ये स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमची याचिका मुंबई उच्च न्यायालयात होती, व्ही. एम. लाल समिती नेमली गेली, आणि त्यानंतरच्या आदेशांतून शहरातल्या जुन्या टॅक्सी सीएनजीवर आल्या. 2000 साली देशभर शिसं घातलेलं पेट्रोल बंद झालं. जुन्या इंजिनांत शिशाचा पातळ थर व्हॉल्व्हच्या बैठकीला राखत असे. कोरड्या गॅसवर तो थर नाही, बैठक झिजते, व्हॉल्व्ह हळूहळू वर सरकतो, रॉकरजवळची फट मिटत जाते. टिकटिक आपोआप थांबते. मालक खूश, मिस्त्री काळजीत.

म्हणजे एकाच आवाजाचा अर्थ इंधनाबरोबर फिरला. न्यायालयाच्या आदेशात हवेचा हिशेब सापडतो, टॅक्सी संघटनांच्या तक्रारीत खर्चाचा. पण कान नव्याने तयार करावे लागले ही नोंद त्या मिस्त्रींच्या आठवणीखेरीज मला कुठे मिळालेली नाही. श्टेफान क्रेब्स यांनी जर्मनीतल्या मेकॅनिकांच्या ऐकण्यावर लिहिलंय. त्यांचा प्रश्न असा की कानाला तज्ज्ञ म्हणून मान्यता कोण देतं. आपल्याकडे ते काम व्हायचं आहे, आणि घाई आहे. हायड्रॉलिक टॅपेटवाल्या इंजिनांत फट हाताने लावायची नसतेच, त्यामुळे नव्या पोरांना हे शिकायचं कारण उरलेलं नाही.

मुलाखत घ्यायला जाल तेव्हा ‘आवाज कसा यायचा?’ असं विचारू नका. उत्तर ‘टकटक’ एवढंच येईल. चालणारी गाडी शोधा. कोकणात घरामागे झाकून ठेवलेली जुनी गाडी मिळून जाते, गणपतीला चाकरमानी आले की ती सुरू करून बघायचा कार्यक्रम होतो. अशा गाडीत पहिली मिनिटं टिकटिक येणारच, कारण वरचं तेल निथळून गेलेलं असतं. तेल पोचल्यावर थांबली तर ठीक. नाही थांबली तर खाऱ्या दमट हवेत एखादा व्हॉल्व्ह गाइडमध्ये गंजून अडकला असेल आणि पुशरॉड वाकला असेल. मिस्त्रींना बॉनेटपाशी उभं करा, रेकॉर्डर चालू ठेवा, आणि ते कुठे कान नेतात, कशावर मान हलवतात, कोणत्या क्षणी इंजिन बंद करायला सांगतात, ते वेळेसकट लिहून घ्या.