अर्धा टक्कासुद्धा नाही

१८७२ साली कार्ल ग्रेबे आणि कार्ल ग्लासर यांना दगडी कोळशाच्या डांबरात कार्बाझोल सापडलं. पुढे प्रकाश देणारे सेंद्रिय रेणू बनवण्यासाठी तो हुकमी कच्चा माल झाला. बाटली मागवायची आणि कामाला लागायचं.

यातल्या काही रेणूंचे स्फटिक अतिनील दिवा बंद केल्यावरही क्षणभर चमकत राहतात. एरवी उत्तेजित इलेक्ट्रॉन काही नॅनोसेकंदांत प्रकाश सोडून मोकळा होतो. इथे तो कुठेतरी अडकतो आणि सावकाश परततो. २०१५मध्ये चीनमधल्या संशोधकांनी याचं श्रेय स्फटिकातल्या रेणूंच्या रचनेला दिलं. स्पष्टीकरण पटण्यासारखं होतं.

मग सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात बिन लिऊ यांच्या गटाने कार्बाझोल विकत न घेता स्वतः बनवलं. त्याची नेहमीची चमक ५४ नॅनोमीटरने निळ्याकडे सरकली आणि मागे रेंगाळणारा उजेड जवळजवळ गेला. विकतच्या मालात कार्बाझोलचाच एक समघटक मिसळलेला होता. अणू तेच, तेवढेच, जोडणी वेगळी. त्यामुळे नुसतं वस्तुमान मोजून तो ओळखू येत नाही. प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी. शुद्ध कार्बाझोलपासून त्यांनी दहा रेणू बनवले. पूर्वी छापून आलेला उजेड एकातही दिसला नाही. हजारात एक या प्रमाणात समघटक घातला आणि उजेड परत आला. इलेक्ट्रॉनला अडकवणारा सापळा तोच होता. २०२१च्या 'नेचर मटेरियल्स'मध्ये हे छापून आलं.

मी सॉफ्टवेअरवाला. आपल्या कोडमध्ये दिवसभर शोधलेली चूक बाहेरून आणलेल्या लायब्ररीत निघते, तेव्हाची चडफड मला ठाऊक आहे. पण इथे चूक नव्हे, गुण बाहेरून आला होता. हवं ते मिळाल्यावर कोण कशाला तपासतो?

खरं तर इशारा जुना होता. अँथ्रासीनच्या स्फटिकात टेट्रासीनचा अंश असला, तरी निळी चमक हिरवी होते, हे १९३०च्या दशकातच माहीत होतं. तिथे रंग बदलला म्हणून शंका आली. कार्बाझोलच्या बाबतीत मात्र ताडून पाहायला शुद्ध नमुनाच हाताशी नव्हता.

जुनी मोजमापं खोटी नव्हती. उजेड खराच होता, फक्त तो कुणाचा, हे चुकलं होतं. आता तोच भेसळीचा रेणू मोजून, मुद्दाम घालता येतो.