होम घेऊ की प्रो?

लॅमिंग्टन रोडवर मी मशीन जुळवतो आणि लहान ऑफिसांची नेटवर्क सांभाळतो. नवा लॅपटॉप घेणारा हमखास विचारतो, ‘विंडोज होम घेऊ की प्रो?’ या प्रश्नाची पाळंमुळं 1996 सालात आहेत.

त्या साली मायक्रोसॉफ्टची विंडोज एनटी 4.0 आली, वर्कस्टेशन आणि सर्व्हर अशा दोन रूपांत. सर्व्हर बरीच महाग. वर्कस्टेशनवर एका वेळी बाहेरून दहाच जोडण्यांची परवानगी, म्हणजे वेबसाइट चालवायची तर सर्व्हरच घ्या. टिम ओ’रायली यांची कंपनी तेव्हा स्वस्त वर्कस्टेशनवर चालणारं वेबसर्व्हर सॉफ्टवेअर विकायची. त्यांनी जाहीर विरोध केला. ही दोन कामांसाठी बनवलेली दोन निराळी उत्पादनं आहेत, असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं होतं. मग मार्क रसिनोविच आणि अँड्र्यू शुलमन या विंडोजच्या जाणकारांनी दोन्ही उघडून तपासल्या, तर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, एकच! मशीन सुरू होताना रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या वहीतली, ‘प्रॉडक्टटाइप’ ही नोंद वाचली जायची आणि आपण वर्कस्टेशन की सर्व्हर, हे सिस्टीम त्यावरून ठरवायची. ती नोंद कुणी बदलू नये म्हणून सिस्टीम तिच्यावर सतत पहाराही ठेवायची. सर्व्हरबरोबर जास्तीचे प्रोग्राम यायचे, हे खरं; पण वाडा एकच होता, काही खोल्यांना कुलूप होतं.

2001 मध्ये एक्सपी आली तेव्हा हीच रेघ घरापर्यंत पोचली. होम एडिशन डोमेनला, म्हणजे एका सर्व्हरवरून सगळी मशीन सांभाळणाऱ्या ऑफिसच्या नेटवर्कला, जोडता येत नसे. पतसंस्थेसाठी किंवा सीएच्या ऑफिससाठी पाच-सहा मशीन घेणाऱ्याला हे आधी सांगणं फार गरजेचं होतं, आणि आजही आहे.

2005 मध्ये भारतात हिंदी एक्सपी स्टार्टर आली. स्वस्त, नव्या मशीनबरोबरच मिळणारी, आणि एका वेळी तीनच प्रोग्राम चालवू देणारी. पहिल्यांदाच कॉम्प्युटर घरात आणणाऱ्या कुटुंबावर असं बंधन घालणं मला पटलं नाही. ज्याला शिकायचंय त्याचेच हात का बांधायचे?

व्हिस्टाने 2007 मध्ये एडिशनांची रांगच लावली. होम बेसिक ते अल्टिमेट एकाच डीव्हीडीवर. टाकाल त्या कीवरून कोणती उघडायची ते ठरे. 2009 च्या विंडोज 7 मध्ये होम बेसिक अमेरिकेत विकलीच गेली नाही, ती आपल्यासारख्या बाजारांसाठी होती. 64 बिटची घेतली तरी ती 8 जीबीपलीकडची रॅम वापरत नसे. दुसरी रॅम बसवायला आलेल्यांना आम्ही आधी एडिशन बघायला सांगायचो.

म्हणून होम की प्रो विचारणाऱ्याला मी उलट विचारतो: ऑफिसच्या डोमेनला जोडायचंय? बाहेरून याच मशीनवर रिमोट डेस्कटॉपने यायचंय? डिस्क कुलूपबंद करणारं बिटलॉकर किंवा मशीनचे नियम ठरवणारी ग्रुप पॉलिसी लागणार आहे? तिन्हींना ‘नाही’ असेल, तर होम घ्या आणि उरलेले पैसे एसएसडीत घाला. दुसऱ्या मशीनवर रिमोटने जाणं होमवरूनही जमतं. पुढे गरज पडलीच, तर प्रोची की विकत घेऊन टाकायची. फाइली, प्रोग्राम जागच्या जागी राहतात. प्रोवरून होमवर परतायचं मात्र फॉरमॅट मारूनच.