नल्लकुंट्याचे काका आणि कुंभारजुव्याची होडी

नल्लकुंटा म्हणजे तेलुगूत काळं तळं. हैदराबादच्या या वस्तीत शंकर मठ आहे, फीवर हॉस्पिटल आहे, रिक्षांचा कलकलाट आहे. तळं मात्र नावापुरतं उरलंय. तिथे माझी मावशी राहते. तिच्या यजमानांना आम्ही काकाच म्हणतो. गेल्या वर्षी श्रावणात त्यांच्या पंचाहत्तरीला चार दिवसांची किरकोळ रजा टाकून गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी गावाहून दादाचा फोन.

"होडयेंत उदक भरता रे. दोन फावटी बुजयलें, तरी येता. विकून उडोवया."

ही होडी बाबांची. लाकडी, बेताची, मागे आठ हॉर्सपॉवरचं आउटबोर्ड मशीन. कुंभारजुव्याचा सांगोड तुम्हां वाचकांना सांगायला नको. गणपतीच्या सातव्या दिवशी दोन होड्या जोडून त्यावर देखावे उभे राहतात. आमची होडी बाबांच्या हयातीपासून त्यात असते. सांगोडाला तीन आठवडे राहिलेले, आणि दादा विकायची भाषा करत होता. मला जेवण गोड लागेना.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. उभ्या आयुष्यात ते होडीत बसले असतील तर हुसेनसागरच्या लाँचमध्ये, तेवढेच. पण मला विचारतात, "पाणी आत येतंय तिथेच तुम्ही भोक शोधताय ना? गळकी बादली आपण विहिरीत बुडवून तपासतो का? आत पाणी ओततो आणि बाहेरून बघतो. माझ्या गच्चीवरच्या टाकीची चीर मी अशीच पकडली." मी कारकून माणूस. लेखापरीक्षणही असंच चालतं हे तेव्हा लक्षात आलं, पण ते असो.

परतीच्या गाडीत डोक्यात एकच विषय. कलेचा पदवीधर असल्याचा एक तोटा म्हणजे होडी गळली तरी मन पंधराव्या शतकात जातं. वास्को द गामा 1498 साली परतीच्या वाटेवर अंजदीव बेटावर थांबला, हे शाळेत शिकलो होतो. कशाला थांबला, हे कुणी शिकवलं नव्हतं. जहाजं किनाऱ्यावर ओढून त्यांचे तळ घासून फटी बुजवायला! आज हे बेट काणकोण तालुक्यात मोडतं. सप्टेंबरअखेरीस 'बेरियू' हे जहाज वर ओढलं, मग खुद्द गामाचं. याच मुक्कामात गोव्याच्या दरबाराचा एक हेर येऊन मिळाला. तोच पुढचा गास्पार द गामा. पाठ्यपुस्तकात हेराला जागा मिळते. फटीत दोरा ठोकत बसलेल्या माणसाला मिळत नाही.

त्या माणसाला पोर्तुगीजात 'कालाफाते' म्हणतात. 1886 च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात 'कलपट्टी' अशी नोंद आहे. हिंदुस्थानी आणि बंगालीत कालापत्ती, तो पोर्तुगीजांकडून आलेला, आणि त्यांचा मूळ शब्द अरबी की लॅटिन यावर पंडितांचा वाद. जुन्या गोव्याच्या रिबेरात, म्हणजे मांडवीकाठच्या गोदीत, सुतार-लोहारांइतकाच हा गडी लागायचा. तो नीट नसला तर काय होतं, ते गोमिश द ब्रितू यांनी 1735-36 मध्ये छापलेल्या जहाजबुडीच्या कहाण्यांत वाचावं. जहाज वादळात फुटायच्या आधीच रात्रंदिवस पंप मारून माणसं अर्धमेली झालेली असतात.

आपल्या किनाऱ्याला ही विद्या शिकवायला कुणी यावं लागलं नाही, हेही खरं. सोळाव्या शतकाच्या आरंभी कालिकतला आलेला इटालियन प्रवासी वार्थेमा लिहितो, की इथले लोक दोन फळ्यांच्या मध्ये काहीच भरत नाहीत. फळ्याच अशा बेमालूम जोडतात की पाणी शिरत नाही, मग बाहेरून राळ थापतात. शिवलेल्या नावांची रीत तर त्याहून जुनी. अजिंठ्यातल्या चित्रावरून बेतलेलं 'कौंडिण्य' हे शिवलेलं जहाज आमच्या शेजारच्या दिवाडीत बांधलं गेलं, आणि 21 मे 2025 रोजी कारवारला नौदलात दाखल झालं. अंजदीव तिथून समोरच!

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे दादाने फटींत भरलेली टणक पुटी पाहिली. कुणाच्या तरी सल्ल्याने त्याने ती वाळलेल्या होडीत कोंबली होती. खरं तर मान्सूनच्या बंदीत वर ओढून झावळांखाली ठेवलेल्या होडीच्या फळ्या आक्रसतात. पाण्यात सोडल्यावर पहिले दोन दिवस ती गळते, मग लाकूड फुगून फटी आपोआप मिटतात. मध्ये दगडासारखी पुटी असली तर फुगणाऱ्या लाकडाने जावं कुठे? एका फळीचे खिळे सैल झालेच होते. ती पुटी खरवडायला आम्हां दोघांचा अख्खा रविवार गेला, आणि दादाने मला दोनदा शिव्या घातल्या.

मग होडीखाली चार ठिकाणी ओंडके दिले (पाण्याचं वजन विसरू नये, घनमीटरला एक टन भरतं, आधाराविना होडीचंच कंबरडं मोडायचं). आत वीतभर पाणी ओतलं. बाहेरून तळ पुसून कोरडा केला आणि कोळसा घेऊन खाली बसलो. अर्धा तास झाला, एका सांध्यापलीकडे कुठे थेंब नाही. दादा म्हणाला, "तुझ्या काकाक सांग."

शेवटी मला आठवलं. धक्क्याला बांधलेली होडी फारशी भरत नाही, मशीन चालू असतानाच भरते, असं तोच म्हणाला होता. मशीन आणि माणूस मागे, म्हणजे होडीची मागची बाजू खाली दबणार. आम्ही नाळ उचलून तिच्याखाली आणखी एक ओंडका सरकवला. सगळं पाणी मागे गेलं, आणि मशीनच्या पट्टीखालच्या डाव्या बोल्टातून थेंब, मग धार! बोल्ट काढला तर भोकाभोवतीचं लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं. मशीनच्या थरथराटाने भोक रुंदावत गेलेलं. दादा मात्र मध्यावर पाणी साचतं म्हणून मध्यावरच्या फटी बुजवत बसला होता.

पुढचं काम तसं सोपं. कुजकं लाकूड कोरून काढलं, दोन दिवस सुकवलं, सागवानाची खुंटी राळ लावून ठोकली. तिच्यात नवं भोक, नवा बोल्ट, आतून-बाहेरून रुंद वायसर आणि रबर. गळणाऱ्या त्या एका सांध्यात सुताचा पेळू तेल-राळेत भिजवून हलक्या हाताने बसवला. घट्ट नाही, फुगायला जागा ठेवून. वरून काजूबियांच्या टरफलाचं तेल. त्या तेलाने माझ्या बोटांची सालं गेली, ती ऑफिसात आठवडाभर सगळ्यांना दाखवत होतो.

सांगोडाच्या रात्री होडी भरून माणसं, वर देखावा, पेट्रोमॅक्सच्या जागी आता दिव्यांच्या माळा. दादा मागे बसून अधूनमधून पायाने तळ चाचपत होता. साडेदहाला नल्लकुंट्याहून फोन आला. ढोल-ताशांत नीट ऐकू येईना.

"किती आलं पाणी?"

"दोन करवंट्या, काका."

"मग ठीक आहे," म्हणाले, आणि फोन ठेवला.